मदत हवी आहे: तीन थरांचा दारूचा शॉट जमेना, वरचा थर तळाला जातोय आणि मधला नासतोय

मांजराकाठ (लातूर):

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आमच्या दहावीच्या बॅचचं औसा रोडला एकाच्या शेतात बसायचं ठरलंय. दहा-अकरा जण, सगळे पन्नाशीला टेकलेले. त्यामुळे 'बसणं' म्हणजे दोन पेग आणि चार तास बीपीच्या गोळ्यांवर चर्चा.

मी आजवर व्हिस्की-पाण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. पण धाकटा मेव्हणा दुबईहून येताना ड्यूटी-फ्रीमधून कलुआ (कॉफीची गोड दारू) आणि बेलीज (सायीची) घेऊन आला. म्हणाला, "दाजी, याचा बी-५२ करतात. खाली कॉफीचा काळा थर, मध्ये दुधाळ बदामी, वर संत्र्याचा सोनेरी. मित्र येडे होतील." तिसरी बाटली ग्रँ मार्निए लागते, तेवढी मात्र साहेब विसरले. लातुरात चार दुकानं पालथी घातली, नाही मिळाली. शेवटी 'ट्रिपल सेक' (म्हणजे संत्र्याचीच गोड दारू) लिहिलेली बाटली ऑनलाइन मागवली, तीन दिवसांत कुरिअरने घरी आली.

काल रात्री ओट्यावर तीनदा करून पाहिलं. चमचा उलटा धरून, त्याच्या पाठीवरून बारीक धार. पहिले दोन थर असे बसले की बघत राहावं. तिसरं ओतलं की धार बेलीजला भोक पाडून सरळ तळाला. अर्ध्या मिनिटात मधल्या थरात पांढऱ्या गुठळ्या, लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तशा. बायको म्हणाली, पनीरच करा, निदान भाजी तरी होईल.

माझा हात चुकतोय, का बेलीज खराब झालंय? बाटली दोन आठवडे कपाटात होती आणि इकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आणि हे प्यायचं कसं, घोट घोट की एकदम?

उदगीरकर:

भाऊ, शेतात मटण शिजायलंय आणि तुम्ही चमचे उलटे धरायलात? व्हिस्की न्या, सुखी राहा.

फळा_खडू (परभणी):

दारूतलं मला काही कळत नाही, पण अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते म्हणून लिहिते. हा सगळा घनतेचा खेळ आहे. साखर द्रवाला जड करते, अल्कोहोल हलकं करतं. जड ते खाली, हलकं ते वर. चमच्याचं काम फक्त धार मऊ करायचं. तुमचा तिसरा द्रव बुडतो म्हणजे तो दुसऱ्यापेक्षा जड आहे, यात हाताचा काय दोष? खात्री करायची तर तिन्ही द्रव मोजून २०-२० मिली घ्या आणि बारीक काट्यावर तोला. पाणी २० ग्रॅम भरेल.

देगलूर_नाका:

पुण्यात सात वर्षं बारमागे उभा होतो, आता गावी शेती. दादा, पहिली गोष्ट, दारू अशी कुरिअरने कधीपासून यायला लागली? बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. मला वाटतं तुम्ही सिरप आणलंय.

मांजराकाठ:

वाचलं. साखर, पाणी, सायट्रिक ॲसिड, रंग. अल्कोहोलचं नाव नाही. पुढे मोठ्या अक्षरात 'ट्रिपल सेक' आणि त्याच्या खाली मुंगीएवढं 'सिरप'. चष्मा घरात असून उपयोग काय!

मॅडमचं ऐकून सराफ्यातल्या मित्राकडे गेलो. तीन झाकणबंद डब्या आणि मेडिकलमधून घेतलेली बिनसुईची २० मिलीची सिरिंज. त्याला वाटलं, सोनं वितळवून आणलंय. डबीचं वजन वजा करून कलुआ २३ ग्रॅमला थोडं कमी, बेलीज २१ च्या आसपास, सिरप २६. म्हणजे तिघांत सगळ्यात जड तेच, आणि मी त्याला सगळ्यांच्या डोक्यावर बसवायलो होतो.

देगलूर_नाका:

झालं तर मग. गुठळ्यांचं कारणही तेच. बेलीज म्हणजे दुधाची साय आणि आयरिश व्हिस्की, अल्कोहोल १७ टक्के. त्यात आंबट पडलं की फाटणारच. बेलीजचा दोष नाही. तरी थोडं वेगळं काढून बघा, एकसारखं वाहत असेल आणि आंबट वास नसेल तर ठीक. कंपनीच सांगते की ० ते २५ अंशांत ठेवा, तेव्हा मे महिन्यात कपाट नको, फ्रिजमध्ये टाका.

आता तिसरा थर. ग्रँ मार्निए म्हणजे कोन्याकमध्ये कडू संत्र्याचा अर्क आणि साखर, ४० टक्के. कोन्याक ही शेवटी फ्रान्सची ब्रँडीच. आपल्या दुकानातली साधी ब्रँडी ४२.८ टक्क्यांची असते, त्यात साखर नावालाच. ती पाण्यापेक्षाही हलकी, २० मिली १९ ग्रॅमच्या आसपास भरेल. बेलीजवर तरंगेलच. वास हवा असेल तर संत्र्याची साल पांढरा भाग खरवडून दोन दिवस ब्रँडीत टाका. जालन्याच्या मोसंबीचा मला अभिमान आहे, पण सालीला संत्र्याचा वास नाही.

ओतताना सिरिंजच वापरा, चमच्यापेक्षा बरी. टोक ग्लासच्या आतल्या भिंतीला टेकवायचं, दुधाळ थराच्या केसभर वर, आणि दट्ट्या सावकाश. अरुंद ग्लास घ्या. हॉटेलातला चहाचा ग्लास वर पसरट, त्यात थर कागदासारखा पातळ दिसतो. कलुआ आणि बेलीज गार, ब्रँडी बाहेरची चालेल.

प्यायचं एकदम, म्हणजे तिन्ही चवी एकामागे एक लागतात. पण पन्नाशीची मंडळी आहात, घोट घोट घेतलं तर कोणी दंड करत नाही. एकूण ६० मिली, गोड असल्यामुळे चढतंय ते कळत नाही, म्हणून माणशी एकच. आणि कुणी वरच्या थराला काडी लावायला निघाला तर हात धरा. बारमध्ये पेटवतात ते पाहिलंय सगळ्यांनी. शेतात कडब्याची गंज असते, निळी ज्योत उजेडात दिसत नाही आणि मिशा सगळ्यांनाच आहेत.

नळदुर्गवेस:

परमिट काढलंय ना? एक दिवसाचं दुकानातच मिळतं. आणि रात्री औसा रोडवर ट्रकांची रांग असते, शेतातच झोपा.

मांजराकाठ:

परमिट काढलंय, गाद्याही सांगितल्यात. आत्ता एक करून पाहिला. काळा, बदामी, वर तांबूस. पाच मिनिटं झाली, रेघ हललेली नाही. ग्लास खिडकीत धरला तर ब्रँडीचा थर मधासारखा दिसतो. चव आधी उग्र, मग एकदम कुल्फी, शेवटी कडक कॉफी. मला आवडली. बायकोनं वास घेतला आणि खोकल्याचं औषध म्हणाली.

मॅडम आणि देगलूरवाले दादा, आभार. आता ते सिरप पाऊण बाटली उरलंय, त्याचं काय करू?

फळा_खडू:

त्यात अल्कोहोल नाहीच. दोन चमचे गार सोड्यात घाला, पोरांना द्या.