पूर आमच्या गावात नव्हता, तरी दूध संपलं

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली. निपाणीकडचं आमचं गाव माळावर, कोरडं ठणठणीत. तरी तिसऱ्या दिवशी दुकानात दूध पावडरसुद्धा नाही! एवढं जोडून घेऊन आपण नाजूक झालो काय?

↳ झालो की. इ.स.पू. १२०० च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या राज्यांचं तेच झालं. त्यांची हत्यारं-अवजारं काशाची; काशाला तांबं लागायचं सायप्रसचं, कथील पार मध्य आशियाकडचं. दुष्काळ, भूकंप, हल्ले एकापाठोपाठ आले. सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित बंदर जळालं ते शहर म्हणून परत उभंच राहिलं नाही.

↳ पण राव, जोडलेलं होतं म्हणूनच दुष्काळात हित्ती लोकांना (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं राज्य) इजिप्तचं धान्य मिळालं. एकाच वाटेवर सगळा भार नको, एवढंच.

↳ आज्जीला वाचून दाखवलं. म्हणाली, "कथील व्हय? कल्हईवाला यायचा बंद झाला, त्याचं बघा आधी."