ब्लॅकबेरी तोडायला शेतावर जायचंय: वेळ, कपडे, डबे याबद्दल सल्ला हवा

निशिगंध:
येत्या शनिवारी ब्लॅकबेरीच्या शेतावर जायचा बेत आहे. फळं आपणच तोडायची आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे, अशी तिथली पद्धत आहे. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण यायचं त्यांच्या फार मनात आहे. वेळ २ तास. फळं १ किलोच्या वर नकोत. फ्रीज लहान आहे आणि खर्चही तेवढाच ठरवलाय. किती वाजता जावं, काय घालावं, फळं कशात आणावीत?

खारूताई:
१ किलोसाठी कशाला एवढं लांब जायचं? आम्ही तिघांनी मागच्या खेपेला ११ किलो आणली. घरी आल्या आल्या ताटांत एका थरात पसरून फ्रीझरमध्ये ठेवली आणि दगडासारखी झाल्यावर पिशव्यांत भरली. अशी केली की एकमेकांना चिकटत नाहीत, हवी तेवढी मूठभर काढता येतात. थंडी संपेपर्यंत पुरली. वेगळा फ्रीझर घ्याच. आम्ही याच फळांसाठी घेतला.

तिठा:
खोल बादली अजिबात नेऊ नका. मी नेली होती. वरून फळं अशी सुरेख दिसत होती की फोटो काढून सगळ्यांना पाठवले. घरी येऊन ओतली तर खालची सगळी रसात बसलेली, तळाला नुसता जांभळा लगदा. वळणावर थोडा रस सीटवर सांडला, तो डाग गाडी विकेपर्यंत गेला नाही. उथळ डबे न्या. तीन-चार थरांच्या वर फळं रचू नका.

बागवान७:
घरामागे ६ वर्षं ब्लॅकबेरी लावतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे फळ तोडल्यावर गोड होत नाही. आंबट तोडलं तर आंबटच राहतं. आणि नवे लोक नेमके चकचकीत काळ्या फळावर हात टाकतात. ते अजून एक-दोन दिवसांचं असतं. पूर्ण पिकलं की चमक जाते, दाणे फुगतात, आणि बोटांनी हलकं ओढलं तरी फळ हातात येतं. ओढावं लागलं तर सोडून द्या. लेकीला एवढंच सांगा: चमकतंय ते उद्याचं, मंद काळं ते आजचं.

दुसरं, निघण्याआधी शेतावर फोन करा. आज तोडण्याजोगं फळ आहे का, आणि बिनकाट्याच्या ओळी आहेत का, हे विचारा. ट्रिपल क्राउन, चेस्टर, नॅव्हाहो या जाती बिनकाट्याच्या. लहान मूल आणि आजी बरोबर असताना दुसरा विचारच नको.

तिसरं, सकाळी लवकर जा. उन्हात तापलेलं फळ मऊ असतं, दाबलं जातं, आणि असं फळ एकदम गार केलं की काळे दाणे पुन्हा लाल पडतात.

ओलीमाती:
ब्लॅकबेरी म्हणजे आपली तुतीच ना? मग शेतावर कशाला, झाडाखाली चादर धरून फांदी हलवली की झालं. आम्ही तसंच करतो.

बागवान७:
नाही हो, तुती वेगळी. तिचं झाड होतं आणि फळाबरोबर हिरवा देठ येतो. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली. तिची फांदी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते.

सुईदोरा:
आम्ही तोडली ती काळीच होती आणि आतून टोपीसारखी पोकळ. देठबीठ काही नव्हता.

बागवान७:
मग ती काळी रास्पबेरी. तिचा गाभा झुडपावर राहतो म्हणून फळ पोकळ. ब्लॅकबेरीचा पांढरा गाभा फळाबरोबर येतो.

ओलीमाती:
चवीला मात्र तुतीच सरस, हे मी कुठेही सांगेन.

सुईदोरा:
कपड्यांचं कोणीच सांगितलं नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बंद बूट, आणि सगळं जुनं. काटे मागे वळलेले असतात. हात आत सहज जातो, बाहेर काढताना बाही धरून ठेवतात. मी झटका दिला आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा आला. अडकलात तर हात आधी थोडा आत न्या, मग सोडवा. डाग पडलाच तर सुती कपडा भांड्यावर ताणून बांधा आणि वरून उकळतं पाणी धरा. लेकीला लांब ठेवून.

खारूताई:
पूर्ण बाह्यांना +१. उथळ डब्यांनाही +१. पण १ किलो खरंच कमी आहे, विचार करा.

तिठा:
अतिपिकलेल्या फळांवर गांधीलमाश्या बसतात. लेकीला आधी बघायला आणि मग हात घालायला शिकवा.

पायवाट:
मी आईला घेऊन गेले होते, तिचेही गुडघे असेच. घडीचं स्टूल न्या. फांद्या तारांना बांधलेल्या असतात, त्यामुळे बरीच फळं बसल्या उंचीलाच येतात, वाकावं लागत नाही. पानांखाली दडलेली उत्तम फळं लहान मुलांना पटकन दिसतात. घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. खाताना धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुरशी. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे भरवसा नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेतावर फोन केला. बिनकाट्याच्या ओळी आहेत, पण सकाळच्या गर्दीत संपतात. तरीही आम्ही संध्याकाळी ५ ला जाणार आणि काटेरी ओळीतच तोडणार. सासूबाईंचे गुडघे सकाळी इतके आखडलेले असतात की १० पर्यंत जिना उतरवत नाही. त्यांना घरी ठेवून आणलेली फळं मला नकोत. स्टूल घेतेय, पायवाट.

निशिगंध (रविवार):
जाऊन आलो. ९०० ग्रॅम भरली. सासूबाईंनी स्टुलावर बसून एकटीने एक डबा भरला. एका हाताने फांदी पानाच्या टोकाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने फळ खाली वळवायचं, असं त्यांचं त्यांनीच बसवलं. एकही ओरखडा नाही. लेक ओळीखाली शिरून 'आजचं, उद्याचं' करत होती. ओरखडे नवऱ्याला आले, अर्ध्या बाह्या घालून गेला होता.

बागवान७, तुम्ही म्हणालात तसंच झालं. फळं कोमट होती, तशीच फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी डबा उघडला तर वरच्या पाच-सहा फळांवर लाल दाणे. ती टाकायची का?

बागवान७:
मुळीच नाही. दिसायला तेवढी वाईट, खायला चांगली. आधी तीच संपवा. पुढच्या वेळी डबा तासभर सावलीत ठेवा आणि मग फ्रीजमध्ये.

खारूताई:
९०० ग्रॅम एव्हाना संपलीसुद्धा असतील ना?

निशिगंध:
काल रात्रीच निम्मी संपली.