तातडीचं: आईबाबांना रेल्वे पास घ्यायचा का? आज संध्याकाळपर्यंत सांगा

प्रेषक: तासगाववाला, निशिकासाई (तोक्यो)

मंडळी, आईबाबा शेवटी येतायत, रविवारी नारिताला उतरतील. सातच दिवस, कारण बाबांना द्राक्षांच्या खरड छाटणीच्या आत परत जायचंय, बाग दुसऱ्यावर टाकून ते राहत नाहीत हे गणपतीत सांगितलेलंच. सांगलीतला एजंट म्हणतोय जपानभर जेआरच्या गाड्यांत सात दिवस फिरायचा पर्यटकांचा पास इथूनच काढून न्या, दोघांचे मिळून 1,00,000 येन, आणि आज पैसे भरा. प्लॅन म्हणजे दोन दिवस तोक्यो, तीन क्योतो-नारा, एक हाकोने, एक खरेदीला. आमच्याकडे रेसिडेन्स कार्ड आहे म्हणून आम्हाला पास मिळत नाही, मग ते दोघं पासवर आणि आम्ही तिकिटावर वेगळ्या डब्यात बसायचं का? आईला एकटं वाटायला नको, पहिल्यांदाच देशाबाहेर येतेय.

प्रेषक: विश्रामबाग काका

घेऊ नकोस. 29,650 ला होता तेव्हा मीच सगळ्यांना घ्यायला लावायचो, ऑक्टोबर 2023 ला एकदम 50,000 केला तेव्हापासून गणित बसत नाही. तोक्यो-क्योतो एका बाजूचे 14,000 च्या आसपास, जाऊन येऊन 28,000 धर. नारा क्योतोपासून पाऊण तास, तिकीट हजाराच्या आत. हाकोनेत पास चालतच नाही, ओदावारा स्टेशनपर्यंत काय तो उपयोग, पुढची डोंगरातली गाडी, रोपवे, बोट सगळं वेगळं. शिवाय पासवर नोझोमीत, म्हणजे सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं तर क्योतोपर्यंत वर 4,960 भरायचे. उरलेल्या पैशात क्योतोत टॅक्सी कर, आईचे गुडघे वाचतील. आणि जागांचं म्हणशील तर काउंटरवर सांगितलं की शेजारी-शेजारी देतात, पास असो नसो. क्योतोला जाताना उजवीकडच्या खिडकीच्या घे, हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो.

प्रेषक: मिरजकर

काका, तुमचं गणित बरोबर आहे पण ते ठरल्या प्लॅनचं झालं. आमच्या सासऱ्यांनी मिरजेला ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज बघितलेत, त्यांना देवळं नकोच होती, गाड्या हव्या होत्या. पास होता म्हणून हिरोशिमाला दोनदा गेले, मनात आलं की निघाले. पहिल्या दिवशी शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन लागली, सोळा डबे, आणि दार बरोबर प्लॅटफॉर्मवरच्या खुणेसमोर थांबलं तर हे खाली वाकून खूण आणि दार यातलं अंतर वितीनं मोजायला लागले, मागची माणसं शांतपणे थांबली होती. तेव्हा बाबांना काय आवडतं ते आधी विचारा, मग पैसे मोजा.

प्रेषक: इस्लामपूरच्या ताई

पासचं तुम्ही बघा, पण सात दिवस ती माणसं खाणार काय हे एकानंही लिहिलेलं नाही. आई शाकाहारी आहेत ना? मग उदोन-सोबाच्या शेवया, मिसो सूप, भाजी दिसतेय म्हणून काहीही घेऊ नका, रश्शाला दाशी नावाचा अर्क, असते आणि ती बहुतेक वेळा सुक्या माशाची. गेल्या वर्षी कुणीतरी शाकाहारी खाण्याची वेगळी यादी फिरवली त्यात उदोन शाकाहारी म्हणून लिहिलं होतं, एका काकूंनी खाल्लं आणि नंतर कळल्यावर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. यादी माझ्याकडे आहे, नवीन करू नका, चूक असेल तर मला कळवा. क्योतोत देवळातलं शोजिन जेवण जरूर द्या, त्यात मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो.

प्रेषक: हरिपूर

ताई, अगदी बरोबर. मी फक्त एक घालतो. आईंना असाकुसात मात्सुचियामा शोदेनला न्या, तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती. मुळा वाहतात, मुळा तिथेच विकत मिळतो. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही हे मात्र आधी सांगा. माझी आई हातात मुळा घेऊन दुर्वा कुठं मिळतील विचारत होती, मग डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं, सांगलीच्या देवळात म्हणते तसंच. आणि नाराच्या मोठ्या बुद्धाचे डोळे 752 साली मूर्तीच्या प्रतिष्ठापनेत उघडले ते बोधिसेन या भारतातून आलेल्या भिक्खूंनी, हे बाबांना मूर्तीसमोर उभं करून सांगा, आधी नको.

प्रेषक: विश्रामबाग काका

शोदेनला मंडळाला पहिल्यांदा मी नेलं होतं, रस्ता सापडला नाही तर मला फोन कर. पासचं मत माझं तेच.

प्रेषक: तासगाववाला, निशिकासाई

पास नाही घेत, एजंटला कळवलं. बाबांना विचारलं तर म्हणाले आई म्हणेल तिकडं. मिरजकर, एक दिवस नुसता गाड्या बघायला ठेवतो. आता बॅगांचं सांगा, आईनं भडंग, भाजणी, हळद भरून मोठी बॅग काढलीय.

प्रेषक: इस्लामपूरच्या ताई

लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकान्सेनला मागची सामानाची जागा असलेली सीट आधी बुक करायची, नाहीतर 1,000 येन घेतात. आणि बागेतली द्राक्षं आणू नका म्हणावं, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. बेदाणे चालतात.

प्रेषक: तासगाववाला, निशिकासाई

अरे देवा. बाबांनी नातीसाठी पेटी बाजूला काढून ठेवलीय. आत्ताच फोन करतो.