मदत हवी आहे: ठाणे खाडीतील मासळीच्या नोंदी संस्थेच्या नावाने ठेवता येतील का?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यालगत, ऐरोलीच्या बाजूस, आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे. कोणत्या भरतीला कोणती मासळी मिळाली आणि जाळ्यात प्लास्टिक किती आले, याची नोंद आम्हाला स्वतःच्याच होड्यांवरून वर्षभर ठेवायची आहे. नमुने घ्यायचे नाहीत, निधीही नको, मात्र ही माहिती अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात विचारात घेतली जावी, ही अपेक्षा (आमच्या मते अवाजवी नसलेली) आहे. संबंधित कार्यालयाने ‘संशोधन संस्थेमार्फत या’ असे तोंडीच सांगितले; एका महाविद्यालयाने तयारी दाखवली, परंतु नोंदींची मालकी मागितली, जी सभासदांना मान्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार (अभ्यास, संशोधन अशा कामांसाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याबाबतचे कलम) मुख्य वन्यजीव रक्षकांकडे मच्छीमार संस्था स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते का, आणि केल्यास सोबत कोणती कागदपत्रे जोडावी लागतात?