मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियन सैनिकाचं मेडल सापडलंय, घरच्यांपर्यंत कसं पोचवू?

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असतो. इथे एका सेकंडहँड दुकानातून लाकडी कपाट आणलं, पुसताना खालच्या खणामागे अडकलेलं चांदीचं मेडल निघालं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे उघडाबंब घोडेस्वार आणि १९१४, १९१८. कडेला बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि २४ बटालियन, एआयएफ, म्हणजे तेव्हाची ऑस्ट्रेलियन फौज (नाव मुद्दाम देत नाही). म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल.

इथे एक भारी सोय आहे, त्या युद्धातल्या शिपायांच्या सर्व्हिस फायली नॅशनल अर्काइव्हजने स्कॅन करून ऑनलाइन फुकट ठेवल्यात, नाव टाकलं आणि गडी कुंडलीसकट हजर. मजूर, अविवाहित, उंची पाच फूट तीन इंच. १९१४ साली पाच फूट सहाच्या आतल्याला घेतच नव्हते, जून १९१५ मध्ये अट पाच फूट दोनवर आणली आणि हा जुलैत भरती! तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत अगदी शेवटी पोचला, डिसेंबरात तर तिथून सैन्य काढूनच घेतलं. मग फ्रान्स, १९१६ ला पोझिएरला जखमी, इंग्लंडात हॉस्पिटल, बरा झाल्यावर परत खंदकात. मधेच लंडनला सुट्टीवर गेला तो उशिरा उगवला म्हणून पगार कापलाय, रोजचे सहा शिलिंग मिळायचे त्यातून. मला खरं सांगायचं तर हेच पान सगळ्यात आवडलं. १९१९ ला बोटीने परत, डिस्चार्ज, आणि पुढे काही नाही.

नाही म्हणायला शेवटी १९६७ चा एक अर्ज आहे. त्या वर्षी गॅलिपोलीवाल्यांना, ते हयात नसतील तर जवळच्या नातेवाइकांना, सरकारने एक मेडॅलियन दिलं होतं. अर्ज मुलीने केलाय, बेंडिगोचा पत्ता, वडील वारलेत एवढंच लिहिलंय आणि तिचं सासरचं आडनाव इतकं कॉमन की विचारू नका. ट्रोव्हवर (इथल्या नॅशनल लायब्ररीची साइट) जुने पेपर चाळले, पण तिथे बहुतेक पेपर १९५४ पर्यंतचेच, त्यामुळे मृत्यूची जाहिरात वगैरे मिळेना.

तर पुढे कसं शोधू? आणि जखमेपुढे जीएसडब्ल्यू लिहिलंय, म्हणजे गोळीच ना? कुटुंब नाहीच सापडलं तर मेडल कुणाला द्यावं? विकायचं अजिबात नाहीये.

प्रतिसाद:
जीएसडब्ल्यू म्हणजे गन शॉट वूंड, पण शेलच्या तुकड्याने झालेली जखमही त्यातच धरायचे. पोझिएरला तोफमारा भयंकर होता, सात आठवड्यांत ऑस्ट्रेलियाचे सुमारे २३,००० जखमी, मृत, बेपत्ता. तेव्हा गोळीच असेल असं धरून चालू नका.

दुसरं म्हणजे तुम्ही पाहिली ती लढाईची फाइल. परत आलेल्या सैनिकांच्या पेन्शन आणि औषधपाण्याची, म्हणजे रिपॅट्रिएशनची फाइल वेगळी असते, तीही नॅशनल अर्काइव्हजकडेच, पण बऱ्याच अजून स्कॅन झालेल्या नाहीत, मागवावी लागेल. युद्धानंतरचं आयुष्य असलं तर त्यात असतं, बायकोमुलांसकट. शिवाय व्हिक्टोरिया राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात मृत्युपत्रांची यादी ऑनलाइन आहे, आधी वडिलांचं नाव टाका, मग मुलीचं. तिचं मिळालं तर वारस तिथेच कळतील. बेंडिगोच्या आरएसएलला (माजी सैनिकांची संघटना) पण एक ईमेल टाकून ठेवा. आणि मेडल काळं पडलं असलं तरी ब्रासो लावू नका हो, कडेचं नाव झिजतं.