वरून टिपलेला माणूस नेहमी दुबळाच दिसतो का?

प्रश्न (केज, जि. बीड)

नमस्कार. ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्यावर मी मोबाईलवर १२ मिनिटांचा लघुपट चित्रित केला आहे. त्यातील मुख्य प्रसंग असा, की हंगामाआधी मुकादम उचलीची रक्कम द्यायला येतो, ओसरीवर बसलेली बाई मागच्या वर्षीच्या हिशेबावरून त्याला अडवते आणि रक्कम वाढवून घेतल्यावरच नोटा मोजून पदराला बांधते. कॅमेरा खालून वर रोखला की माणूस बलवान भासतो आणि वरून खाली रोखला की दुर्बल, असे मी वाचले होते. त्यामुळे मुकादमाला खालून टिपले आणि बाईला शेजारच्या माळवदावरून. गावात लघुपट दाखवला तेव्हा ती भूमिका करणाऱ्या माझ्या चुलतीने विचारले, "मी काय एवढी केविलवाणी हाय का रं?" संवादांतला तिचा करारीपणा पडद्यावर कुठेच उरलेला नाही, हे मलाही जाणवले. नियम चुकीचा आहे, की मी तो चुकीचा वापरला?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

आपण वेरूळला गेला असाल, तर कैलास लेणे दोन ठिकाणांहून पाहिले असेल. प्रांगणात उभे राहून मान वर केली की त्याची भव्यता अंगावर येते. मागच्या डोंगराच्या कड्यावरून खाली पाहिले, तर पुस्तकी नियमाप्रमाणे ते लहान वाटायला हवे, पण तसे होत नाही. मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह खरे दिसतात ते तिथूनच, आणि हा सगळा डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, हेही तिथेच उमगते. वरचा कोन माणसाला किंवा वस्तूला आपोआप लहान करत नाही. तो तिच्याभोवतीचा परिसर आणि तिची रचना उघडी करतो. त्या परिसरात माणूस एकटा पडलेला असेल, तर तो दुबळा दिसतो. आपल्या चौकटीत बाईच्या भोवती रिकामे अंगण होते का, हे एकदा पाहावे.

उत्तर २ (लातूर)

वरील मुद्दा मला पटतो. मात्र येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे आणि ती फार जण करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कॅमेऱ्याची उंची वेगळी आणि त्याचा कोन वेगळा. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू कॅमेरा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर ठेवत, पण तो फारसा वर रोखत नसत, त्यामुळे चटईवर बसलेली माणसे ना मोठी भासतात ना लहान. आपणही त्यांच्याजवळ बसलो आहोत, असे वाटते. आपल्याकडे चुलीपुढे, ओसरीवर, अंगणात माणसे जमिनीवरच बसतात. उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून त्यांना टिपले, की माळवदावर न चढताही कॅमेरा त्यांच्याकडे वरूनच पाहू लागतो, आणि चित्रीकरण करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

खालच्या कोनाविषयीही तेच सांगता येईल. 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटात निवडणूक हरलेल्या नायकाचा मित्राशी झालेला वाद इतक्या खालून टिपला आहे, की त्यासाठी सेटची जमीन खोदून कॅमेरा खड्ड्यात ठेवावा लागला होता. तो माणूस पडद्यावर प्रचंड दिसतो, पण त्याचा पराभव त्यामुळे झाकला जात नाही. डोक्यावरचे छत त्याला दाबते आहे, असे वाटत राहते. कोनाचा अर्थ प्रसंगाच्या आत ठरतो, हे माझ्या मते निर्विवाद आहे.

आणखी एक गोष्ट मोबाईलपुरती. त्याची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते. चेहरा भरून दिसावा म्हणून फोन अगदी जवळ नेला, की नाक फुगते आणि कान मागे जातात. चार-पाच पावले मागे सरकून जास्त झूमची स्वतंत्र लेन्स वापरावी, म्हणजे चेहऱ्याचे प्रमाण बिघडत नाही.

उत्तर ३ (परभणी)

मला कोनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो हा, की कॅमेऱ्याच्या जागी कोण उभे आहे. 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे; त्या क्षणी प्रेक्षक त्याला हिणवणाऱ्यांच्या जागी उभा असतो. आपल्या लघुपटात माळवदावर कोण आहे? तेथून पाहणारे कोणी कथेत नसेल, तर ती नजर प्रेक्षकाला दया करणाऱ्या परक्याची वाटणारच. चुलतींना नेमके तेच बोचले असावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अंगण खरोखरच रिकामे होते आणि माळवदावर कथेतले कोणीच नव्हते. आता फोन चुलतीच्या बसलेल्या नजरेच्या उंचीवर, सरळ ठेवून हा प्रसंग पुन्हा चित्रित करणार आहे; मुकादम उभा राहील आणि चौकटीत त्याचे गुडघे व नोटा धरलेला हातच येईल. माळवदावरचा शॉट मी शेवटी, ट्रॅक्टर गावाबाहेर पडतो तेव्हा वापरेन, कारण मागे राहिलेली सासू तेथूनच पाहत असते. एकच शंका उरली आहे: नोटा मोजताना क्लोज-अप हातांचा घ्यावा की चेहऱ्याचा?

उत्तर २ (लातूर)

दोन्ही एकाच चौकटीत घ्यावेत आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत कट देऊ नये. हात आणि चेहरा वेगवेगळे दाखवले, तर मध्ये किती वेळ गेला हे संकलनात ठरते. एकाच शॉटमध्ये ती मोजते तितका वेळ मुकादमाला आणि प्रेक्षकालाही थांबावे लागेल. चुलतींना मोजायला खऱ्या नोटा द्याव्यात.