चित्रात, गाण्यात, शिल्पात भेटलेलं वाळवंट : तुमचे अनुभव

वाळवंट म्हटलं की रखरखाट आणि तहान आठवते. पण एखाद्या चित्रातलं, गाण्यातलं वाळवंट बघता-ऐकताना निवांत वाटलं, 'हे आपलं' वाटलं, हात जोडावेसे वाटले, असं कुणाचं झालंय का? लिहा. प्रवासवर्णन नको. उंटांचे फोटो तर नकोतच.

*

जैसलमेरकडच्या एका गावात मांगणियार या लोकगायकांचं गाणं समोर बसून ऐकलं. कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, आतड्याच्या तारा. आवाज घोगरा, खोल. गाणारे मुसलमान, भजन कृष्णाचं आणि ज्यांच्या घरच्या जन्माला-लग्नाला हे पिढ्यान्‌पिढ्या गातात ते यजमान बहुतेक राजपूत. मी देवळात फारशी रमत नाही, तिथे मात्र उठवेना. हमीरा गावचे साकर खाँ (पद्मश्री, २०१२) यांचं वादन जरूर ऐका.

*

थोडा विरोधी सूर लावतो. बाडमेर भागात पाण्याच्या कामावर होतो. वाळूतली शांतता वगैरे पाहुण्यांची चैन! तिथल्या गाण्यांत पणिहारी येते, पाण्याला निघालेली बाई. टांक्यात साठवलेलं पावसाचं पाणी पुरवून पुरवून वापरणाऱ्यांचं गाणं आहे ते. श्रद्धा पाहायची तर ओरणात पाहा. देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. भर दुपारी ओरणातल्या खेजडीखाली बसल्यावर माझीही बडबड थांबली होती, हे कबूल.

*

मेलबर्नला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकार एमिली काम उंग्वारे यांचं १९९५ मधलं चित्र पाहिलं. आठ मीटर लांब, काळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं. जमिनीखाली पसरलेल्या रानकंदाची मुळं आहेत ती. त्या कंदाशी त्यांच्या लोकांच्या पूर्वजकथा जोडलेल्या आहेत. बाई कॅनव्हासवर रंगवू लागल्या तेव्हा ऐंशीच्या घरात पोचत आल्या होत्या. वाळवंट ओसाड असतं हे त्यांचं चित्र मानतच नाही. मी बाकावर बसून नुसती बघत राहिले.

*

अमेरिकेत युटाच्या वाळवंटात नॅन्सी होल्ट यांचं शिल्प आहे, १९७३ ते ७६ दरम्यान केलेलं. चार अजस्र काँक्रीटचे नळे, अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, सूर्योदय-सूर्यास्ताच्या रेषेत मांडलेले. वरच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आत पडतात, ती भोकं तारकासमूहांच्या आकारात आहेत. खगोलाचं कौतुक आहेच, पण मला भावली ती सावली. चहूकडे क्षितिज, आणि मधे माणसाला टेकायला जागा.

*

सासूबाई सिंधी. सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्यातली मारुई त्यांच्याकडून ऐकली. थरमधली ही मुलगी उमरकोटच्या किल्ल्यात कैद आहे. राजा रेशीम देतो, ती आपली जुनी लोकर सोडत नाही. इथे मेले तर माझं शरीर तरी मलीरला, माझ्या माहेरी, पाठवा, म्हणते. फाळणीनंतर इकडे आलेल्या सासूबाई इथवर आल्या की पुढचं गात नाहीत. मारुईचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा, मुलींना वाचायला द्यायचाय.